वजा ७,५०० पौंड

घर तापवणारा गॅस बॉयलर काढून त्या जागी हवेतून उष्णता घेणारा हीट पंप बसवण्याचे आम्ही इथे इंग्लंडमध्ये ठरवले, तेव्हा कोटेशनमधील एका ओळीने मी चकित झाले. एकूण रकमेखाली शासकीय अनुदान म्हणून ७,५०० पौंड सरळ वजा केलेले होते आणि आमच्याकडे फक्त उरलेले पैसे मागितले होते.

बॉयलर अपग्रेड स्कीम ही योजना इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२२ पासून चालू आहे. आधी ५,००० पौंड असलेले हे अनुदान ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढवण्यात आले. अर्ज घरमालकाने करायचाच नसतो. एमसीएस, म्हणजे अशी यंत्रणा बसवण्याच्या कामाचे, प्रमाणपत्र असलेली कंपनी ऑफजेम या ऊर्जा नियामक संस्थेकडे अर्ज करते, ऑफजेम घरमालकाची संमती तेवढी विचारते, मग तीन महिने मुदतीचे व्हाउचर निघते आणि पंप चालू झाल्यावर पैसे कंपनीच्या खात्यात जमा होतात. ज्याच्यासाठी अनुदान, त्याच्या हाती एक पेनीही येत नाही, आणि मला कौतुक वाटले ते नेमके याचेच, कारण सरकारकडून पैसे सुटेपर्यंतचा ताण कंपनीने सोसायचा असतो, ग्राहकाने नाही. २०१४ ते २०२२ या काळातील आधीच्या योजनेत सगळा खर्च प्रथम स्वतः करायचा आणि पुढची सात वर्षे दर तिमाहीला थोडे थोडे पैसे परत मिळवायचे, अशी रीत होती. ती गाठीशी पैसा असणाऱ्यांनाच परवडणारी होती. शिवाय मार्च २०२७ पर्यंत या कामावर व्हॅटही नाही.

आपल्याकडे छतावरील सौर पॅनेलसाठी पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान, तीन किलोवॉट आणि त्यापुढे ७८,००० रुपये, थेट ग्राहकाच्या बँक खात्यात येते, हे मी इथल्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. आपला ग्राहक पैसे आलेले स्वतः पाहतो. इथे कंपनीने मूळ किंमतच फुगवली नसेल कशावरून, ही शंका उरतेच. मात्र आपल्याकडे अनुदानाचे पैसे येईपर्यंत पदरमोड करावी लागते किंवा कर्ज काढावे लागते, हे मी त्यांना सांगायचे टाळते.

चीड येते ती विजेच्या दराची. हीट पंप हा उलटा चालणारा एसीच असल्यामुळे एक युनिट वीज खर्चून तो घराला साधारण तीन युनिट उष्णता देतो. परंतु २०२५ मध्ये इथे विजेचे एक युनिट गॅसच्या युनिटच्या सुमारे चौपट महाग होते, आणि त्याचे एक कारण असे की सरकारी ऊर्जाधोरणांच्या खर्चाचा मोठा वाटा गॅसऐवजी वीजबिलावर टाकलेला होता. म्हणजे पंप बसवणाऱ्याला बक्षीस द्यायचे आणि तो चालवणाऱ्याकडून दंड वसूल करायचा! पंपाचे पाणी बॉयलरइतके गरम नसल्याने खोल्या तापवणारे काही रेडिएटर मोठे घ्यावे लागले, तो खर्च निराळा.

आमच्या व्हिसावर कित्येक वर्षे सार्वजनिक निधीचा लाभ घेण्यास मनाई असल्याची ओळ होती, त्यामुळे कायमस्वरूपी निवासाची परवानगी मिळाल्यानंतरही सरकारी पैसा घेताना मन कचरते. या योजनेच्या अटी मात्र नागरिकत्वाच्या नसून मालमत्तेच्या आहेत. घर स्वतःच्या मालकीचे हवे. भाडेकरूला, त्याच्या घरमालकाने मनावर घेतल्याशिवाय, काहीही मिळत नाही. आपल्याकडून नव्याने आलेली मुले बहुधा भाड्यानेच राहतात, तेव्हा त्यांनी भरलेल्या करातून माझे घर ऊबदार होणार, हे मला कळते. पण आम्हीही अशाच भाड्याच्या खोल्यांत राहून कर भरला, वर व्हिसासोबतचा आरोग्य अधिभार भरला, आणि आम्ही हे अनुदान नाकारले असते तरी ते त्या मुलांच्या वाट्याला येणार नव्हते.

बॉयलर गेला, तरी स्वयंपाकाची गॅसची शेगडी आम्ही ठेवली आहे. योजनेची त्याला हरकत नाही. केवळ तिच्यापायी गॅसजोडणीचा स्थिर आकार, वर्षाला शंभर पौंडांहून अधिक, भरावा लागतो. भाकरी विस्तवावर फुगलेलीच हवी असल्यामुळे बचतीच्या हिशेबात ही रक्कम मी धरलेली नाही.