वाफसा गेला, अहवाल आला

हिरवळ आता झकास आहे, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे मी बरीच कटकट करणार आहे.

घरामागची जागा साधारण १०० चौरस मीटर, माती अस्सल चिकण. कोरडी असताना पहार मारली की टणकन मागे यायची. ओली झाली की चपलेला इतका चिखल लागायचा की चप्पल तिथेच सोडून अनवाणी घरात यावं लागे. कोरड्या दिवसांत पडलेल्या एका भेगेत माझा हात मनगटापर्यंत गेला होता. अशा मातीत काम करायचं तर दगड आणि चिखल यांच्या मधली अवस्था गाठावी लागते, म्हणजे वाफसा. मूठभर माती घ्या, गोळा वळा, अंगठ्याने दाबा. फुटला तर कुदळ काढा. नुसताच चेपला तर घरात बसा, कारण ओल्यात खणलेली चिकणमाती नंतर विटेसारखी वाळते आणि ती ढेकळं वर्षभर छळतात. कोरड्या हवेत पाऊस मोजका आणि त्यानंतरचा वाफसा जेमतेम तीन-चार दिवसांचा. हे लक्षात ठेवा, माझी सगळी चिडचिड या तीन-चार दिवसांवरूनच आहे.

‘चिकणमाती आहे ना, जिप्सम टाका’, हे मला भेटेल तो सांगत होता. मी दोन पोती आणूनही ठेवली. मग कळलं की जिप्समचा उपयोग मातीत सोडियम जास्त असेल तरच होतो. सोडियममुळे चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात, बारीक छिद्रं बुजतात आणि निचरा बंद पडतो. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, आणि मग तो सोडियम पाण्याबरोबर खाली जावा लागतो. सोडियम नसेल, माती नुसतीच जड असेल, तर जिप्सम घालून काही भुसभुशीत होत नाही. म्हणजे आधी तपासणी.

नमुना मी अगदी मन लावून घेतला. नागमोडी चालत दहा ठिकाणी ‘व्ही’ आकाराचे १५ सेंटिमीटर खोल खड्डे, खड्ड्याच्या कडेची माती, सगळी एकत्र, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवली आणि सावलीत वाळवली. (लोखंडी घमेलं वापरू नका, प्लास्टिकची बादली घ्या, नाहीतर लोहाचा आकडा फसवा येतो.)

प्रयोगशाळेच्या अर्जावर रकाना होता, ‘घ्यावयाचे पीक’. मी लिहिलं, हिरवळ. खिडकीतल्या माणसाने ते खोडलं आणि ‘चारा’ लिहिलं. मी म्हटलं, अहो, घरामागचं लॉन आहे, गुरं नाहीत माझ्याकडे. तो म्हणाला, यादीत लॉन नाही. आठ दिवसांनी या.

आठ दिवसांनी गेले, यंत्र बंद. पुन्हा गेले, सही करणारे साहेब रजेवर. दरम्यान पाऊस झाला, चौथ्या दिवशी गोळा अंगठ्याखाली असा सुरेख फुटला की मी तो तसाच हातात धरून उभी राहिले. पण जिप्सम मिसळायचं की नाही ते ठरल्याशिवाय खणायचं कसं? एकदाच खणायचं होतं मला. सातव्या दिवशी त्याच जागी पहार टणकन वाजली.

पाचव्या आठवड्यात अहवाल मिळाला. सामू (म्हणजे पीएच) ८.१, क्षारता ठीक, सेंद्रिय कर्ब कमी, नत्र, स्फुरद, पालाश, आणि खाली चाऱ्यासाठी हेक्टरी खताची मात्रा. (हेक्टरी १०० किलो म्हणजे चौरस मीटरला १० ग्रॅम. हा हिशोब स्वतःच करा, तिथे कोणी करून देत नाही.) सोडियम कुठेच नाही. विचारलं तर उत्तर आलं, ‘ती तपासणी वेगळी, मागितली तरच करतो.’ पाच आठवडे मी दुसरं काय मागत होते? पण तोंडी मागितलं होतं, अर्जावर नव्हतं. तेव्हा नवा अर्ज, नवा नमुना, पुन्हा ‘चारा’. नमुना देतानाच ‘विनिमययोग्य सोडियम’ (म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम) हे शब्द स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याची पोच घ्या.

याही वेळी अहवालाच्या खेपा सुरू झाल्या, आणि दुसऱ्या खेपेला नमुने कुटणारे एक काका बाहेर आले. माझा चढलेला आवाज त्यांनी ऐकला असणार. म्हणाले, “ताई, एवढंच बघायचंय तर घरी वाळलेलं ढेकूळ आहे ना? काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या, ढेकूळ हळूच सोडा आणि ढवळू नका. दोन तासांनी बघा, मग उद्या बघा. भोवती दुधासारखं गढूळ वलय आलं तर सोडियम. नुसतं ढासळून तळाशी बसलं आणि पाणी स्वच्छ राहिलं तर नाही.”

घरी आल्या आल्या बोराएवढी ढेकळं तीन ग्लासांत सोडली. पावसाचं पाणी नव्हतं म्हणून इन्व्हर्टरच्या बॅटरीचं डिस्टिल्ड वापरलं. (बोअरचं जड पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांमुळे वलय दबतं.) ढेकळं बुडबुडे सोडत दहा मिनिटांत ढासळली. दुसऱ्या दिवशी तिन्ही ग्लासांतून पलीकडची खिडकी आरपार दिसत होती. काकांचे आभार मानावेत की पहिल्या दिवशीच का नाही बाहेर आलात म्हणून भांडावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. अहवाल तीन आठवड्यांनी आला. विनिमययोग्य सोडियम ४ टक्के, १५ च्या वर असता तर चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली माती.

तोवर दुसराही वाफसा गेला होता. शेवटी मीच तयार केला. तुषार नळी दहा मिनिटं चालू, पाऊण तास बंद, असं दिवसभर, कारण चिकणमातीत तासाला काही मिलिमीटरच पाणी जिरतं, बाकीचं वाहून जातं. मग चार दिवस वाट. बाकी काम दोन आठवड्यांत उरकलं: घरापासून बाहेरच्या बाजूला मीटरला २ सेंटिमीटर उतार, ७ सेंटिमीटर कंपोस्टचा थर वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळला आणि हरळीच्या कांड्या लावल्या. वाळू घाला म्हणणारेही भेटतील. थोडी वाळू चिकणमातीत गेली की माती आणखी घट्ट होते, ऐकू नका. लव्हाळ्याच्या गाठी मात्र खणतानाच वेचून काढा. मी कंटाळा केला, अजून खुरपं घेऊन बसते.

पाणी आजही तसंच, थांबून थांबून देते. कापताना एका वेळी गवताच्या पात्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घेत नाही. कडक उन्हाच्या आठवड्यात कापतच नाही.

जिप्समची दोन पोती जिन्याखाली तशीच आहेत. कोणाच्या ग्लासात दुधाळ वलय आलं तर घेऊन जा.