गुणायचं की मिळवायचं?

मागच्या रविवारी सकाळी काकूचा फोन आला, जरा येऊन जा गं, काकांची ब्रीफकेस उघडायची आहे आणि दादा स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलाय. मी सांगलीत विश्रामबागला राहते, काकू गावभागात, गणपतीच्या देवळापासून चालत पाच मिनिटांवर, त्यामुळं चहा तसाच ठेवून गाडी काढली. काका मार्केट यार्डात एका हळदीच्या अडतीत दिवाणजी होते, तीसेक वर्षं तरी. गेल्या वर्षी गेले. ती काळी ब्रीफकेस कायम त्यांच्या हातात असायची आणि तिचे नंबर त्यांनी कुणालाच सांगितले नव्हते, काकूलासुद्धा नाही.

गेले तर दादा खरंच खटक्याच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून बसलेला. म्हटलं थांब रे, तोडू नकोस, काकांची वस्तू आहे. तर तो म्हणाला, अगं दोन्हीकडं तीन तीन आकडे आहेत, म्हणजे सहा आकडे, म्हणजे दहा लाख नंबर झाले, एका सेकंदाला एक लावला तरी साडेअकरा दिवस लागतील न झोपता, मी मोबाईलवर हिशोब केलाय.

हिशोब बरोबर केला होता त्यानं. दहा लाख सेकंद म्हणजे साडेअकरा दिवसच होतात. पण गुणाकार चुकीच्या ठिकाणी केला होता, आणि हीच चूक मी गेली चौदा वर्षं अकरावी-बारावीच्या ट्यूशनला बघतेय. पोरं पेपर पुढं करून विचारतात, मॅडम इथं गुणायचं की मिळवायचं? मला तो प्रश्न फार आवडतो. बाकी सगळी सूत्रं पुस्तकात असतात, पण हे एवढं मात्र ज्याचं त्यालाच गणित वाचून ठरवावं लागतं.

तर ब्रीफकेसला दोन खटके असतात, डावा आणि उजवा, प्रत्येकाला तीन चकत्या. प्रत्येक चकतीवर ० ते ९. एका बाजूचे तिन्ही आकडे एकाच वेळी जमले तरच त्या बाजूचा खटका उडतो, दोन जमले आणि एक चुकला तर काहीच कळत नाही, म्हणून तिथं गुणायचं, १० × १० × १० म्हणजे १०००. पण डावा खटका उजव्याची वाट बघत नाही! डाव्याचे आकडे जमले की तो टक् करून उडतो, उजवीकडं काही का असेना. म्हणजे आधी डावा सोडवायचा, जास्तीत जास्त १००० प्रयत्न, मग उजवा, जास्तीत जास्त १०००. झाले किती? दोन हजार. दहा लाख नाहीत. दोन्ही खटके मिळून एकच बटन असतं आणि सहाच्या सहा जमल्याशिवाय ते हललं नसतं, तर दादाचे दहा लाख खरे होते. तेच सहा आकडे, त्याच चकत्या, फक्त मधे कुलूप आपल्याला 'अर्धं जमलं' असं सांगतं की नाही एवढ्यावर दहा लाखाचे दोन हजार होतात.

आणि एकेक नंबर लावून बघायचीही गरज नसते. खटक्याचं बटन अंगठ्यानं दाबून धरायचं, पहिल्या दोन चकत्या तशाच ठेवायच्या आणि तिसरी शून्यापासून नऊपर्यंत सावकाश फिरवायची, दहा सेकंदात दहा नंबर तपासून होतात. अशा शंभर ओळी. म्हणजे एका बाजूला फार तर सतरा मिनिटं, दोन्हीला मिळून चौतीस. दादा म्हणाला मग किल्लीवाल्याला बोलवायचीपण गरज नाही. नाहीच की.

सुरू करायच्या आधी मी काकूला विचारलं, काकांना कुठला आकडा आवडायचा का, काही सवय होती का. ती म्हणाली आवडायचा असा काही नाही बाई, पण शेवटी शून्य यायला नको असायचं त्यांना, अहेर असो नाहीतर देवळाची पावती असो, एक्कावन्न, एकशे एक, दोनशे एक्कावन्न असंच, शेवटी एक पाहिजेच, नाहीतर व्यवहार तिथंच संपतो म्हणायचे. माझ्यासाठी हे फार मोलाचं होतं, कारण शेवटचा आकडा १ धरला तर उरतात फक्त दोन चकत्या, १० × १० म्हणजे १००. हजाराचे एकदम शंभर! पावणेदोन मिनिटांचं काम. माहिती म्हणजे काय हे मला असं एखाद्या घरगुती वाक्यात दिसलं ना की अंगावर काटा येतो, काकूनं एक सवय सांगितली आणि दहातले नऊ हिस्से काम उडालं.

शेवटची चकती १ वर ठेवली, मधली फिरवायला घेतली. पहिल्या तीस सेकंदात डावा खटका उडाला. २५१. काकू देवघराच्या उंबऱ्यावर बसली होती, ती काहीच बोलली नाही, फक्त पदरानं चष्मा पुसला.

उजव्या बाजूला अर्थातच आधी २५१ लावून बघितला. नाही. मग १ वर संपणारे बाकीचे नव्व्याण्णव. तेही नाहीत. म्हणजे उरले ९००, आणि आता मात्र शून्यापासून ओळीनं फिरवायला बसायचं. दादा आणि मी आलटून पालटून. चकत्या जुन्या, थोड्या चिकट झालेल्या, आकडा बरोबर रेषेवर बसला नाही तर खरा नंबरही निसटून जाईल, म्हणून घाई करायची नाही. दादानं ४३ ची ओळ भरकन फिरवली, ती मी परत फिरवायला लावली, कारण असल्या कामात एक ओळ सुटली की मग पुढचं सगळं करून शेवटी हजार संपतात आणि आपण म्हणतो कुलूपच बिघडलंय.

हात कामात आणि तोंड रिकामं, म्हणून मी काकूला भास्कराचार्यांचं सांगायला लागले. ११५० सालच्या लीलावतीत शेवटी अंकपाश म्हणून प्रकरण आहे, त्यात आकड्यांच्या अदलाबदलीचीच गणितं आहेत. ३, ८, ९ हे तीन आकडे दिले तर किती वेगवेगळ्या संख्या होतील, तर १ × २ × ३ म्हणजे ६, आणि त्या सगळ्यांची बेरीज ४४४०. २ पासून ९ पर्यंतचे आठ आकडे घेतले तर ४०,३२०. पण काकूला सांगायचं ते त्याच्या पुढचं उदाहरण. शंकराच्या दहा हातांत पाश, अंकुश, साप, डमरू, कवटी, त्रिशूळ वगैरे दहा वस्तू, त्या या हातातून त्या हातात केल्या तर किती मूर्ती होतील? ३६,२८,८००. आणि विष्णूचे चार हात, शंख चक्र गदा पद्म, तिथं किती? ४ × ३ × २ × १, चोवीस.

काकू लगेच म्हणाली, चोवीस म्हणजे केशवाय नमः नारायणाय नमः ती चोवीस नावं?

होय की! तीच. केशव, नारायण, माधव, गोविंद अशी जी चोवीस नावं आचमनाच्या वेळी म्हणतात त्यांच्या चोवीस मूर्ती सांगितल्या आहेत, आणि प्रत्येकीत त्याच चार वस्तू वेगळ्या क्रमानं हातात असतात. हात बदलला की नाव बदललं. काकू आयुष्यभर ती नावं ऐकत आली आणि तिला कधी वाटलं नव्हतं की चोवीसच का, तेवीस का नाही, पंचवीस का नाही. ती बराच वेळ स्वतःच्या बोटांवर शंख-चक्राची अदलाबदल करत बसली होती, ते बघून मला वर्गातल्या कुठल्याही पहिल्या नंबरापेक्षा जास्त आनंद झाला.

मग तिनं विचारलं, आणि मसाल्याचं? आमच्या कांदा लसूण मसाल्यात किती जिन्नस पडतात, त्याचं पण असंच गुणायचं का. मी म्हटलं नाही, तिथं क्रम धरायचा नाही, डब्यात गेल्यावर धणे आधी पडले की तीळ आधी पडले काय फरक. वराहमिहिरांनी सहाव्या शतकात बृहत्संहितेत असलंच गणित सांगितलंय, सोळा सुगंधी द्रव्यं आहेत, त्यातली कुठलीही चार घेऊन अत्तर करायचं तर किती प्रकार, उत्तर १८२०. क्रम धरला तर १६ × १५ × १४ × १३ म्हणजे ४३,६८० होतात. पण त्यात तीच चार द्रव्यं चोवीस वेळा मोजली गेली, तेच आपले विष्णूच्या हातांचे चोवीस, म्हणून चोवीसनं भागायचं. ४३,६८० भागिले २४ बरोबर १८२०.

काकूनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, पण भाजताना क्रम लागतो हं, मिरची आधी तेलात टाकलीस तर करपते, खोबरं शेवटी. खरं आहे तिचं. डब्यातल्या मसाल्याला क्रम नाही आणि कढईतल्या मसाल्याला आहे. मी हे उदाहरण आता वर्गात वापरणार आहे, कारण क्रमाला किंमत आहे की नाही हे वस्तू बघून ठरत नाही, आपण त्या वस्तूचं काय करतोय त्यावर ठरतं, आणि हे मला इतक्या सोप्या शब्दांत आजवर सांगता आलं नव्हतं. या कुलपालाच बघा ना, सगळे कॉम्बिनेशन लॉक म्हणतात, पण २५१ आणि १५२ त्याला वेगळे वाटतात, आणि आमच्या पुस्तकाच्या भाषेत कॉम्बिनेशन म्हणजे क्रम न धरता केलेली निवड, म्हणजे त्यात कॉम्बिनेशन नाहीच.

६१८ ला उजवा खटका उडाला.

आत हिशोबाच्या लाल कापडी बांधणीच्या चार वह्या, रबर लावलेल्या पावत्या, आयर्विन पुलाच्या कठड्याला टेकून काढलेला काका-काकूंचा एक फोटो, आणि कोपऱ्यात कागदाच्या पुडीत एक हळकुंड. जुनं, वाळून दगडासारखं झालेलं, पण नखानं खरवडलं तर आत अजून पिवळंधमक. काकूनं ते नाकाशी धरलं आणि तिथंच बसून राहिली. २५१ आम्हाला कळला, ६१८ मात्र कुणालाच लागला नाही. दादानं स्कूटरचा नंबर बघितला, काकूनं लग्नाची तारीख सांगितली, पेढीचा जुना फोन नंबरही आठवून झाला, कशातच बसत नाही.

घरी आल्यावर माझं डोकं त्यातच होतं. आमच्या ओळखीच्या एका बिल्डिंगच्या दाराला बटनांचं कुलूप आहे, चार आकडी कोड, म्हणजे १०,००० शक्यता, रहिवाशांना वाटतं लई सेफ. पण जवळून बघितलं तर चार बटनांवरचा रंग घासून गेलाय. कुठले चार आकडे ते दिसलंच, आता फक्त क्रम शोधायचा, चोवीस प्रयत्न, बस. आणि गंमत म्हणजे तीनच बटनं घासली असती तर काम वाढलं असतं. कारण मग एक आकडा दोनदा आहे, तो तीनपैकी कुठला हे माहीत नाही, आणि प्रत्येक वेळी १२ क्रम (२४ भागिले २, कारण सारखे दोन आकडे आपसात बदलले तरी कोड तोच राहतो), तीन बारे छत्तीस. दोनच घासली असतील तर १४. म्हणजे १४, ३६, २४. एक आकडा परत वापरला की कोड सोपा होतो असं वाटतं ना, इथं उलटं आहे. भास्कराचार्यांनी सारख्या आकड्यांचंही दिलंय, २, २, १, १ घेतले तर चोवीस नाही, ६ च संख्या होतात, करून बघा कागदावर, २२११ पासून सुरू करा.

करून बघा हे मी मनापासून म्हणतेय. हल्ली पोरांना शिकवलं जातं की प्रश्नात 'निवडा' आलं की सी, म्हणजे बिनक्रमाच्या निवडीचं सूत्र, 'मांडा' आलं की पी, म्हणजे क्रमाच्या मांडणीचं, 'किमान' आलं की एकूणातून वजा कर. एका क्लासची पोरं माझ्याकडं आली होती, त्यांची वही बघितली तर गणितं तीनशे आणि एकाही पानावर नुसती यादी लिहून बघितलेली नाही. मला खरंच वाईट वाटलं. सहाच संख्या असतील तर सहाही लिहा, मग त्या सहात काय दिसतंय ते बघा, सूत्र त्यातूनच येतं. लीलावतीतच सहा रसांचं उदाहरण आहे, गोड आंबट खारट तिखट कडू तुरट, यातली एक, दोन, तीन अशी मिसळून किती चवी होतील. ६, १५, २०, १५, ६, १, बेरीज ६३. आता हेच भडंगाच्या गाड्यावर उभं राहून करा, कांदा टाकू का, टोमॅटो टाकू का, लिंबू पिळू का, प्रत्येकाला उत्तर हो किंवा नाही, दोनच. सहा रसांना प्रत्येकी दोन, २ × २ × २ × २ × २ × २ म्हणजे ६४, आणि त्यातली सगळ्याला नाही म्हटलेली एक सोडून दिली की ६३. दोन अगदी वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की जे समाधान मिळतं ते मिळवायला सूत्राची घोकंपट्टी उपयोगाची नाही हो, दोन्ही वाटा स्वतः चालाव्या लागतात.

सोमवारी बॅचला ब्रीफकेसचं गणित घातलं. दोन कुलपं, तीन तीन चकत्या, जास्तीत जास्त किती प्रयत्न लागतील. बहुतेकांनी दादासारखेच दहा लाख लिहिले आणि पेन खाली ठेवलं. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते, तासगावहून रोज एसटीनं येते, फारसं बोलत नाही. तिनं काहीच लिहिलं नव्हतं. मला वाटलं जमलं नसेल म्हणून जवळ गेले तर तिनं हळूच विचारलं, मॅडम, ते दोन खटके वेगवेगळे उघडतात का?