तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाचे फोटो एका क्लिकमध्ये होतात का?

हा प्रश्न मला दोन तऱ्हेची माणसं विचारतात. नुकताच कॅमेरा घेतलेली मुलंमुली विचारतात, "ताई, न्यूबॉर्नला कोणता प्रिसेट लावता? स्किन एका क्लिकमध्ये अशी कशी येते?" आणि बाळाच्या घरची मंडळी विचारतात, "कॉम्प्युटरवर थोडं उजळ करून द्याल ना?" मी इंदूरला घरोघरी जाऊन तान्ह्या बाळांचे फोटो काढते. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी सापडतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

प्रिसेट आणि ॲक्शन मी वापरते, रोज वापरते. लाइटरूम आणि फोटोशॉप ही फोटो सुधारायची सॉफ्टवेअर. लाइटरूममधला प्रिसेट म्हणजे उजेड-रंग कमीजास्त करणाऱ्या स्लायडरच्या जपून ठेवलेल्या जागा. फोटोशॉपमधली ॲक्शन म्हणजे आपण एकदा केलेल्या पायऱ्या टिपून ठेवायच्या. बटण दाबलं की त्या त्याच क्रमाने पुन्हा होतात. ही सोय फोटोशॉपमध्ये 1996 पासून आहे. एका बाळाचे शेकड्यांनी फोटो निघतात आणि त्यातल्या निवडक प्रत्येकावर सुरुवातीच्या पायऱ्या सारख्याच असतात. त्या दर वेळी हाताने करत बसण्यात काही पुण्य नाही.

"मग हे खोटं नाही का?" असंही कुणी विचारतं. आपले जुने नामवंत छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी 1874 च्या सुमारास इथे इंदुरातच, सरकारी नोकरीत असताना, कॅमेरा हाती घेतला. त्या काळापासून स्टुडिओंत निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवणारे कारागीर असत, कृष्णधवल फोटोंवर हाताने गालाची लाली भरणारे असत. रिटचिंग या धंद्याबरोबरच वाढलं आहे. पेन्सिल कुठे टेकवायची आणि कुठे उचलायची हे त्या कारागिराला ठरवावं लागे, तसं ते मलाही ठरवावं लागतं. ते ठरवणं मी ॲक्शनवर सोडत नाही.

माझी सगळ्यात उपयोगी ॲक्शन फोटोत काहीच बदलत नाही. ती चालवली की आधी एक रिकामा लेयर, म्हणजे फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखा थर, येतो आणि ॲक्शन थांबते. ॲक्शनमध्ये असा थांबा घालता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिथे मी डाग झाकणाऱ्या हीलिंग ब्रशने ओठाच्या कडेला सुकलेलं दूध, सुटलेली साल, कापडाचे धागे काढून घेते. पुढे चालू केलं की फोटोच्या दोन प्रती तयार होतात. एक धूसर, तिच्यात फक्त रंग आणि छाया. दुसरीत फक्त त्वचेचा पोत, लव, बारीक सुरकुत्या. दोन्ही मिळून मूळ फोटो जसाच्या तसा दिसतो, पण आता गालावरची लाली पोताला धक्का न लावता कमी करता येते. त्यावर उजळ करणारा एक कर्व्ह (उजेड कमीजास्त करणारा लेयर), गडद करणारा एक, लाली उतरवणारा एक लेयर, आणि सगळ्यांचे मास्क, म्हणजे लेयर कुठे दिसावा ते ठरवणारे पडदे, काळे; काळा म्हणजे पूर्ण झाकलेला. म्हणजे पडद्यावर फरक शून्य. मग मी पेन-टॅब्लेट घेते आणि पांढरा ब्रश, ओपॅसिटी (दाटपणा) 20 ते 30 टक्के ठेवून, हवं तिथेच ते लेयर उघडत जाते. डोळ्याखाली थोडं, हनुवटीखाली थोडं. कपाळावरच्या आठ्या मी राहू देते. झोपेत आठ्या घालणारं बाळ मला फार आवडतं.

विकत मिळणाऱ्या ॲक्शनच्या बऱ्याच संचांतला मास्क पांढरा असतो, म्हणजे परिणाम आधी सगळ्या अंगावर आणि नको तिथून तुम्ही पुसायचा. घाईत पुसणं राहून जातं. बाळ मेणाचं दिसतं ते त्यामुळे. लाइटरूममध्ये 2019 साली टेक्स्चरचा स्लायडर आला, तो उणे नेला की त्वचा गुळगुळीत होते, पण भुवयांची लव आणि विणलेल्या टोपऱ्याचे टाकेही त्याबरोबर जातात.

आता काढायचं काय. तान्ह्या बाळाच्या अंगावर पहिल्या काही दिवसांत लालसर पुरळ येतं, मधे पांढरट ठिपका असलेलं. पूर्ण दिवसांच्या जवळपास निम्म्या बाळांना ते येतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जातं. नाकावर मोहरीहून बारीक पांढरे कण असतात, तेही काही आठवड्यांत जातात. हातापायांचे तळवे जांभळट असतात. जरा गारवा लागला की मांड्यांवर जाळीदार नक्षी उमटते. साल निघते. हे सगळं पाहुण्यासारखं आलेलं असतं, त्यामुळे ते हलकं करताना मला काही वाटत नाही. खांद्यावरची लव मात्र मी सहसा ठेवते, ती खिडकीच्या उजेडात सुंदर दिसते. पाठीच्या खाली निळसर डाग आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतो. तो फिका व्हायला काही वर्षं जातात. तो मी विचारल्याशिवाय काढत नाही. जन्मखूण तर नाहीच. आई-बाबा म्हणाले तर एका फोटोत काढते, बाकीच्यांत ठेवते.

तीट ही वेगळीच गोष्ट. आपल्या घरी बाळाला न्हाऊमाखू घातलं की आजी काजळाचं बोट गालावर किंवा कपाळाच्या कडेला टेकवते. सॉफ्टवेअरला तो डागच वाटतो. आपोआप डाग काढणाऱ्या ॲक्शन तो हमखास गिळतात. लोकमान्य नगरमधल्या एका आजीबाईंनी नमुन्याचे फोटो चष्मा वर करून एकेक पाहिले आणि पहिलं बोट ठेवलं ते बाळाच्या गालावर. तीट जागेवर आहे याची त्यांना खात्री करून घ्यायची होती. काजळ थोडं फिस्कटलेलं होतं, त्यांच्या बोटाची कडा त्यात उमटली होती, आणि ते तसंच होतं. म्हणून माझ्या कुठल्याही ॲक्शनमध्ये डाग आपोआप शोधणारी पायरी नाही. काळे मणी, करदोडा, नाभीला लावलेली क्लिप, यांनाही मी हात लावत नाही.

रंगाकडे येते, कारण खरा गुंता तिथे आहे. परदेशी ट्युटोरियल सांगतात, पहिल्या दोन आठवड्यांत बाळाला स्टुडिओत आणा. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण घराबाहेर पडत नाहीत, तेव्हा मीच घरी जाते. घर म्हणजे पिस्ता रंगाची भिंत, गुलाबी पडदा, खिडकीतून येणारा उजेड आणि वर चालू असलेला ट्यूबलाइट. तो मी आधी बंद करते. सकाळी तेलमालीश झालेली असते, कपाळ चमकत असतं. ती चमक कुठल्याच प्रिसेटने जात नाही, म्हणून आदल्या दिवशी फोन करून सांगते की मालीश झाल्यावर अंघोळ घालून, बाळाला पाजून मगच मला बोलवा. शेगडीवर ओवा टाकून धुरी दिलेली असेल तर खोलीत तासभर पुसट धूर राहतो आणि फोटो फिके येतात. पिस्ता भिंतीचा हिरवा रंग बाळाच्या गालाच्या सावलीत उतरतो. अशा ठिकाणी ज्या प्रिसेटमध्ये व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठी उजेडाच्या रंगाशी जुळवायचा, आकडा कोंबलेला असतो तो घात करतो, कारण तो आकडा दुसऱ्या कुणाच्या खोलीचा असतो. प्रिसेट जतन करताना व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर (फोटोचा एकूण उजेड) यांच्या खुणा काढून टाका. त्या दोन गोष्टी त्या खोलीत, करड्या कार्डावर, स्वतः ठरवा आणि त्याच उजेडातल्या फोटोंना सिंक करा, म्हणजे तेच आकडे लावा. लेन्स, कॉन्ट्रास्ट, शार्पनिंग एवढंच प्रिसेटमध्ये राहू द्या.

दुसरं, ते 'क्रीमी स्किन' नावाचे प्रिसेट. त्यांचं मर्म बहुतेक वेळा एकच असतं: नारिंगी रंगाची उजळता वाढवायची आणि त्याचा भडकपणा (सॅच्युरेशन) उतरवायचा. आपली त्वचा कॅमेऱ्याला मुख्यतः नारिंगीतच दिसते. गोऱ्यापान बाळावर त्याने मऊ, दुधाळ रंग येतो. सावळ्या बाळावर तेच लावलं तर गाल राखाडी पडतात. आणि नारिंगीत एकटं बाळ नसतं. आजीच्या पाटल्या, सागवानी पाळणा, मावशीने पाठवलेलं केशरी दुपटं, सगळं त्याच स्लायडरला बांधलेलं. पाटल्या पितळी दिसायला लागतात. हे मी नव्या मुलांना मुद्दाम करून दाखवते: एकाच फोटोत बाळ आणि सोनं ठेवून प्रिसेट लावायचा, आणि आधी सोन्याकडे बघायचं.

याला जुना इतिहास आहे. कोडॅकच्या रंगीत फिल्मच्या काळात लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला एक संदर्भ-फोटो पाठवत, त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्यावर गोरी तरुणी असे. तिचा वर्ण नीट आला की यंत्र नीट लागलं असं धरत. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड 1990 च्या दशकात आलं. आज विकले जाणारे कितीतरी प्रिसेट तशाच एखाद्या चेहऱ्यावर बसवलेले असतात, फरक इतकाच की तो चेहरा आता जाहिरातीत दिसतो.

तेव्हा "थोडं उजळ करा" याला माझं उत्तर नाही असं आहे. मी ते हसून टाळत नाही, बसून सांगते. जन्मल्या जन्मल्या बाळ लालबुंद असतं, त्वचा पातळ असते, खालचं रक्त दिसतं. खरा वर्ण पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत ठरतो. आपल्या आज्या कानाची पाळी बघून तो आधीच सांगतात. मग मी स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवते, एकात उजेड नीट बसवलेला आणि दुसऱ्यात त्वचा फिकट केलेली. बहुतेक आई-बाबा पहिला निवडतात. ज्यांना तरीही दुसरा हवा असतो त्यांना मी नम्रपणे सांगते की तो माझ्याकडून होणार नाही. फोटोतल्या मुलीने वीस वर्षांनी अल्बम उघडला तर तिला तिचाच रंग दिसावा, आणि तो कुणाला तरी खपला नव्हता असं तिला त्यातून कळू नये.

आणि पिवळेपणा. ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. पूर्ण दिवसांच्या शंभरातल्या साधारण साठ बाळांना पहिल्या आठवड्यात कावीळ दिसते. बहुतेकांची आपोआप उतरते, काहींना उपचार लागतात. पिवळा रंग उतरवणारी आणि डोळ्यातला पांढरा भाग स्वच्छ करणारी ॲक्शन एका सेकंदात ती पुसून टाकते. घरोघरी असा एखादा डॉक्टर काका किंवा आत्या असते, जिला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवून विचारतात, "बाळ पिवळं वाटतंय का गं?" माझा फोटो त्यासाठी कधीही पाठवू नका. रंगाचा अंदाज एरवीही फोटोवरून बांधू नये, आणि एडिट केलेल्या फोटोवरून तर मुळीच नाही. बाळ उजेडात डॉक्टरांना दाखवा. शूटच्या वेळी बाळ मला पिवळं वाटलं तर मी आईच्या कानावर घालते, आणि "डॉक्टरांनी पाहिलंय" असं ऐकल्यावरच पुढे पिवळेपणा कमी करणाऱ्या लेयरला हात लावते.

पोझबद्दल थोडंच. हनुवटी तळहातांवर टेकवून बसलेलं बाळ तुम्ही पाहिलं असेल. ते दोन फोटोंचं मिळून केलेलं असतं. एकात कुणीतरी डोकं धरलेलं, दुसऱ्यात मनगटं धरलेली, आणि मग धरणारे हात पुसलेले. बाळाला तसं एकटं कधीच बसवत नाहीत. मी ती पोझ करत नाही. कुणी करत असेल तर हे माहीत असल्याशिवाय करू नये.

राहता राहिलं कोणता संच विकत घ्यावा हे. घ्या, पण घेण्याआधी विक्रेत्याकडे सावळ्या बाळाचा आधीचा-नंतरचा फोटो मागा. मिळाला नाही तर पैसे वाचवा. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याची मूळ, न बदललेली फाइल, कधी उडवू नका. आणि पहिली ॲक्शन स्वतः टिपा. ॲक्शन पॅनल उघडा, रेकॉर्ड दाबा, एक कर्व्ह घ्या, मास्क काळा करा, रेकॉर्ड बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे. तिला मराठीत नाव द्या, उद्याच्या फोटोंवर वापरा, आणि अडलं तर विचारा.