दांडा नको, नुसती वाटी

ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यांची एक गंमत आहे. वाद्य महागातलं, पेटीला आतून मऊ अस्तर, तेलाची बाटली, पुसायचं फडकं, सगळा थाट. आणि त्याच अस्तरावर मोरी तुंबल्यावर लागणाऱ्या पंपाची रबरी वाटी. लाल नाहीतर काळी, दांडा काढून टाकलेली. इतक्या वर्षांत तिला कुणी दुसरं भारदस्त नावही दिलेलं नाही. प्लंजर तो प्लंजरच.

वापरायची रीत सोपी दिसते. वाटी डाव्या हातात धरायची आणि वाद्याच्या पसरट तोंडावर झाकत-उघडत राहायची. झाकली की सूर नाकातून आल्यासारखा कोंडतो, उघडली की मोकळा होतो, आणि मधल्या अर्ध्यामुर्ध्या जागी तो चक्क बोलायला लागतो. त्यात फुंकताना घशातून गुरगुरलं, की पितळेच्या नळीत एखादा वैतागलेला म्हातारा बसलाय असं वाटतं. हसणारा, रडणारा, शेजाऱ्याशी भांडणारा. मला हा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा वाद्याचा वाटलाच नव्हता.

न्यू ऑर्लिन्सचा जॅझवाला किंग ऑलिव्हर असल्या करामतींत वस्ताद होता. शिकागोत त्याचं वादन ऐकून बबर मायली नावाचा कोवळा पोरगा वेडावला आणि ते गुरगुरणं न्यूयॉर्कला घेऊन आला. तिथे तो ज्या छोट्या बँडमध्ये वाजवत होता, त्याची सूत्रं लवकरच पियानोवाल्या ड्यूक एलिंग्टनच्या हाती आली. 1926 मध्ये जो नॅन्टन हा ट्रॉम्बोनवाला आला. त्याचे हात इतके चलाख, की सगळे त्याला 'ट्रिकी सॅम' म्हणत. तो ट्रॉम्बोनमध्ये ट्रम्पेटचा छोटा म्यूट, म्हणजे सूर दाबणारं बूच, बसवायचा, वरून प्लंजर धरायचा आणि तोंडात काहीतरी असं करायचा, की सुरातून 'या-या' अशी अक्षरं बाहेर पडत. नेमकं काय करायचा ते त्याने फारसं कुणाला कळू दिलं नाही.

एलिंग्टनची खरी हुशारी इथे आहे. त्याच्या हस्तलिखितांचा मोठा साठा आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमध्ये आहे. बँडच्या कागदांवर 'पहिला ट्रम्पेट, दुसरा ट्रॉम्बोन' असं लिहायची पद्धत. याच्या कागदांवर माणसांची नावं असत. 'ट्रिकी', ट्रम्पेटवाल्या कूटी विल्यम्ससाठी 'कूटी', आणि सॅक्सोफोनवाल्या जॉनी हॉजेससाठी 'रॅब', कारण त्याचं टोपणनाव रॅबिट. सूर खुर्चीसाठी लिहिलेला नाही, त्या खुर्चीवरच्या माणसासाठी लिहिलेला आहे. भास्करबुवा बखल्यांनी 'स्वयंवर'च्या चाली बालगंधर्वांचा गळा समोर ठेवून बांधल्या, तसाच प्रकार. फरक इतकाच, की एलिंग्टनसमोर असे पंधराएक गळे होते आणि त्यातले काही पितळेचे होते.

बरं, पाश्चात्य अभिजात संगीताकडे त्याची नजर नव्हती असं नाही. 1927 च्या 'ब्लॅक अँड टॅन फँटसी'च्या शेवटी शोपँची शवयात्रेची प्रसिद्ध धून येते. आधी मायलीचं गुरगुरणं, नॅन्टनचं ट्रॉम्बोनमधून खिंकाळणं, आणि मग ही गंभीर धून, अशी काही ऐटीत, की दुःख कुठलं आणि थट्टा कुठली ते कळू नये. तीनेक मिनिटांच्या तबकडीत हे सगळं.

पण त्या काळात 'जॅझ अभिजात संगीतात गेला' असं कुणी म्हटलं, की डोळ्यांसमोर यायचा तो संगीतकार जॉर्ज गर्श्विन. 12 फेब्रुवारी 1924, न्यूयॉर्कचा एओलियन हॉल, पॉल व्हाइटमनचा बँड आणि 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'. हा प्रकार आपल्याला लिहायचा आहे हे गर्श्विनला कळलं कसं, तर वर्तमानपत्रातून! जानेवारीत बिलियर्ड्स खेळत असताना भावाने बातमी दाखवली, की तुझं काम चालू आहे म्हणे. महिनाभरात रचना उभी राहिली. वाद्यवृंदाची मांडणी फर्डी ग्रोफेने केली. गर्श्विनच्या पियानोचा भाग तर पहिल्या प्रयोगापर्यंत पुरता कागदावर उतरलाच नव्हता. एके ठिकाणी संचालकासाठी सूचना होती, की त्याने मान डोलावेपर्यंत थांबा.

आणि ती सुरुवातीची क्लॅरिनेट! गर्श्विनने लिहिली होती सुट्या सुट्या स्वरांची चढण. तालमीत रॉस गॉर्मनने थट्टा म्हणून ती घसरगुंडीसारखी वर ओढली, किंचाळत. गर्श्विन खूश. म्हणाला, असंच ठेव, जमेल तेवढं रडव. झालं. एका माणसाची एका दुपारची खोडी वाद्यवृंदाच्या दप्तरात दाखल झाली. आज जगभरचे क्लॅरिनेटवादक नोकरीच्या चाचणीसाठी ती खोडी घाम गाळून घोटतात. मला याचं हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. गॉर्मनला कुणी ती घोटायला लावली नव्हती.

गर्श्विनची रचना अभिजात संगीताच्या बाजूला चटकन गेली याचं कारण मला हेच दिसतं. सगळं कागदावर आलं, जे आलं नव्हतं तेही नंतर छापलं गेलं, आणि कुठल्याही गावच्या वाद्यवृंदाला ते उघडून वाजवता आलं. एलिंग्टनचं तसं होईना. 1940 मध्ये त्याने कूटी विल्यम्ससाठी एक तीन मिनिटांचा कॉन्चेर्टो, म्हणजे एका वादकाला पुढे ठेवून बांधलेली रचना, केला आणि नावच ठेवलं 'कॉन्चेर्टो फॉर कूटी'. त्याच वर्षी कूटी बेनी गुडमनकडे निघून गेला. आता काय करायचं? पुढे त्या चालीला शब्द घालून गाणं करण्यात आलं, ते गाजलं. कूटीने मात्र परत यायला 1962 उजाडवलं.

23 जानेवारी 1943 ला एलिंग्टन कार्नेगी हॉलमध्ये उभा राहिला तो आपलाच बँड घेऊन. उसना वाद्यवृंद नाही, उसना संचालक नाही. 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज' ही सुमारे पाऊण तासाची रचना. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास, गुलामांच्या कष्टापासून न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या हार्लेम वस्तीतल्या माड्यांपर्यंत. त्यातल्या कष्टाच्या गाण्यात नॅन्टन आपली वाटी घेऊन येतो. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण आहे, मिळालं तर जरूर ऐका. हॉजेसचा 'कम संडे' सगळ्यांना आवडतो, मलाही आवडतो, पण मी थांबते ती नॅन्टनपाशी. चर्चमध्ये बसायला बंदी असलेल्या माणसाने भिंतीबाहेरून बोलावं, तसं ते वाजतं. कार्नेगीच्या त्या सोनेरी सभागृहात, मोरीच्या रबरातून.

दुसऱ्या दिवसापासून टीका. पॉल बोल्झने हेरल्ड ट्रिब्यूनमध्ये लिहिलं, की रचनेला आकार नाही आणि जॅझचा अभिजात संगीताशी असा मेळ घालण्याच्या खटपटींना उत्तेजन देऊ नये. जॅझवाल्या जॉन हॅमंडने विचारलं, ड्यूक जॅझ सोडून चालला का? म्हणजे या घरात सून म्हणून नको आणि त्या घरात लेक म्हणून नको. मला दोघांचाही राग येतो, पण हॅमंडचा जास्त. बोल्झ निदान परका होता. एलिंग्टनने त्या वर्षी आणखी एक-दोन ठिकाणी ती संपूर्ण वाजवली, मग तुकड्यातुकड्यांनीच. 1965 मध्ये पुलित्झरच्या संगीत-परीक्षकांनी त्याला खास सन्मान द्यावा असं सुचवलं आणि वरच्या मंडळाने ते फेटाळलं. तेव्हा सहासष्ट वर्षांचा हा गृहस्थ म्हणाला, की नियती माझ्यावर मेहेरबान आहे, मी फार लहान वयात फार प्रसिद्ध व्हावं अशी तिची इच्छा दिसत नाही. तो खास सन्मान 1999 मध्ये मिळाला. तोवर त्याला जाऊन पंचवीस वर्षं झाली होती.

माझा भाचा ट्रम्पेट शिकतो, त्याच्यामुळे मी मध्यंतरी हार्डवेअरच्या दुकानात गेले. त्याच्या कागदावर स्वरांच्या डोक्यावर अधिक चिन्हं आणि छोटे गोल होते. अधिक म्हणजे झाका, गोल म्हणजे उघडा. बस, एवढीच लिपी. त्याला बेसिनची लहान वाटी हवी होती. मोठी ट्रॉम्बोनला लागते. "मावशी, दांडा नको हं," असं त्याने बजावलं होतं. मी दुकानदाराला तसं सांगितलं.

"दांड्याशिवाय काय करणार ताई? हात घालणार?"

"वाजवायचाय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, दांडा पिळून काढला आणि बाजूला ठेवला. पैसे दांड्यासकट घेतले.

घरी आल्यावर भाच्याने वाटी हुंगून "शी, रबर!" म्हटलं आणि सुरू केलं. अधिक, गोल, अधिक, गोल. सगळं बरोबर. झाकायचं तिथे झाकलं, उघडायचं तिथे उघडलं. आणि वाजलं ते दार लागतं-उघडतं तसं. त्याच्या सरांनी कूटीचं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं, ते त्याने मग तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी वाटी अर्धवट तिरकी धरून काहीतरी करायला लागला. कागदावर तिरक्याची खूण नाही. त्याच्या आईने स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं, म्हणजे प्रगती असावी.

आपल्याकडे जॅझ आणि अभिजात संगीत यांच्या या सीमेवर सगळ्यांत जास्त ये-जा केली ती गोव्याच्या माणसांनी. चर्चच्या शाळांत लहानपणीच पाश्चात्य स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी मुंबईला येऊन रात्री हॉटेलांत जॅझ वाजवत आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत. हळदोण्याचा चिक चॉकलेट ट्रम्पेट घेऊन सी. रामचंद्रांच्या गाण्यांत शिरला, आणि आपल्या आजोबा-आज्ज्यांनी जॅझ ऐकला तो असा, नाव माहीत नसताना. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी तर 1958 मध्ये मुंबईत मोठा वाद्यवृंद उभा करून त्याच्याकडून राग वाजवून घेतले. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. प्यारेलाल यांचे हे व्हायोलिनचे गुरू. तो उद्योग पुढे फार चालला नाही, कारण वाद्यवृंदाला रोज जेवायला लागतं. 1963 मध्ये एलिंग्टन स्वतः बँड घेऊन मुंबईत आला होता, परतलेला कूटी सोबत. म्हणजे ती वाटी मुंबईनेही ऐकली आहे.

तर एलिंग्टनची 'हार्लेम' ही रचना. 1950 मध्ये युरोपहून परतताना बोटीवर एलिंग्टनने ती लिहिली, एनबीसी या अमेरिकी रेडिओ कंपनीच्या सिम्फनी वाद्यवृंदासाठी, ज्याचा संचालक तोस्कानिनी. तोस्कानिनीने ती कधी हाती घेतली नाही. एलिंग्टनच्या बँडनेच 1951 च्या जानेवारीत मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये वाजवली. आता मात्र बडे बडे वाद्यवृंद ती वाजवतात. सुरुवातीला ट्रम्पेट एकटा येतो, प्लंजर लावून, आणि दोनच स्वर म्हणतो. एलिंग्टनच सांगायचा, की तो 'हार्लेम' हा शब्द उच्चारतोय.

मी कुठलंही ध्वनिमुद्रण लावलं, की आधी ते दोन स्वर तपासते. काही वाद्यवृंदांत ते शुद्ध, स्वच्छ, घड्याळाच्या टोल्यासारखे पडतात आणि शब्द काही ऐकू येत नाही. वादक बिचारा थोर असतो, पण त्याला खुर्ची मिळालेली असते, नाव नाही. आणि कधीतरी एखादा असा भेटतो, की त्याने घरी बसून जुन्या तबकड्या झिजवल्यात हे पहिल्याच स्वरात कळतं. तो 'हार्' जरा लांबवतो, 'लेम'वर वाटी किंचित उशिरा उघडतो. मागे साठ-सत्तर माणसं काळ्या कोटांत गज सरसावून थांबलेली असतात, आणि संचालकालाही हा बोलून होईपर्यंत थांबावं लागतं.