‘सगळं खातं’ म्हणून दिलेलं पिल्लू खाईना तेव्हा : माझा अनुभव

“सगळं खातं हो, काही त्रास नाही.” सापाचं पिल्लू देताना विकणाऱ्याने एवढंच सांगितलं. त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, कारण पुढे कित्येक आठवडे त्या पिल्लाने तोंडच उघडलं नाही.

पिल्लं दोन आणली होती, एक कॉर्न स्नेक आणि एक बॉल पायथन, म्हणजे लहान जातीचा अजगर. दोन्ही बिनविषारी आणि पाळलेल्या सापांचीच. कॉर्न स्नेकबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आठवडाभर त्याला अजिबात हात लावला नाही, मग रात्री एक पिंकी, म्हणजे अंगावर लव न आलेलं उंदराचं पिल्लू, त्याच्या राहायच्या टबात ठेवलं. सकाळी ते फस्त झालेलं होतं.

पायथन मात्र अडून बसला. टबात कसलीच कमतरता नव्हती. उबदार बाजू ३१-३२ अंश सेल्सिअस, थंड बाजू २६ च्या आसपास, आर्द्रता ६० टक्के. टब तापवणाऱ्या हीटिंग मॅटला थर्मोस्टॅट, म्हणजे ठरलेल्या तापमानाला ती आपोआप बंद-चालू करणारं यंत्र, लावलेला. (काचेला चिकटवायचा गोल तापमापक घेऊ नका. तो काचेजवळच्या हवेचं तापमान सांगतो, साप जिथे पोट टेकून बसतो तिथलं नाही. प्रोबवाला, म्हणजे वायरच्या टोकाशी हवा तिथे ठेवता येणारा सेन्सर असलेला, डिजिटल घ्या.) लपायला दोन जागा, दोन्ही बाजूंना एकेक आणि अंगाला भिडतील इतक्या अरुंद. लपायला एकच जागा असली की पिल्लाला ऊब आणि आडोसा यांतलं एकच मिळतं. घाबरलेलं पिल्लू आडोसा धरून बसतं आणि ऊब नसली की त्याला पचत नाही.

तरी खाईना. उंदीर समोर धरला की जीभ एकदोनदा लवलवायची आणि मग डोकं वेटोळ्यात जायचं. दर वेळी मी मुकाट्याने उंदीर काढून घेत असे आणि आठवडाभर पुन्हा काही देत नसे. हे जमवणं फार कठीण जातं. रोज थोडं थोडं देऊन बघावंसं वाटतं, पण रोज समोर काहीतरी नाचवलं तर पिल्लू आणखी बुजतं. मध्येच त्याचे डोळे निळसर धुरकट झाले, म्हणजे कात टाकायची वेळ आली होती. त्या काळात बहुतेक साप खात नाहीत, तेव्हा तोही आठवडा गेला.

या काळात सल्ले भरपूर मिळाले. कुणी म्हणालं, तोंड उघडून घास आत ढकला. कुणी म्हणालं, जिवंत उंदीर रात्रभर टबात सोडून द्या. दोन्ही मी करू दिलं नाही. जबरदस्तीने भरवणं हे पशुवैद्याचं काम आहे आणि तेही शेवटच्या टप्प्यावरचं. जिवंत उंदीर तर कोपऱ्यात सापडला की सापालाच चावतो, जखमा खोल होतात. माझा धीर टिकला तो स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यामुळे. आठवड्यातून एकदा वजन करून लिहून ठेवायचं. वजन जवळपास स्थिर असेल तर थांबता येतं. दहा टक्क्यांच्या आसपास घटलं, किंवा कणा वर दिसू लागला, तर सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जायचं. आमच्याकडे घट अगदी किरकोळ होती.

खरी गाठ सुटली ती विकणाऱ्याने एकदाचा फोन उचलला तेव्हा. आधी पुन्हा तेच, “भूक लागली की खाईल.” खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, “अहो, आम्ही त्याला रॅटची जिवंत पिल्लंच द्यायचो.” रॅट म्हणजे मोठ्या जातीचा उंदीर, आणि मी इतके दिवस देत होते फ्रीझरमधला माऊस, म्हणजे लहान जातीचा! बॉल पायथनला एका खाद्याची सवय लागली की दुसऱ्याचा वास त्याला अन्न वाटतच नाही. ही एक ओळ पहिल्याच दिवशी कागदावर मिळाली असती तर त्या जिवाचा ताण वाचला असता. पिल्लू घेताना शेवटचं कधी खाल्लं, काय खाल्लं, जिवंत की फ्रोझन, हे लेखी घ्या. देत नसेल तर घेऊच नका.

मग रॅटचं पिल्लू आणलं, सापाच्या अंगाच्या सर्वांत जाड भागाएवढं. ते रात्रभर फ्रिजमध्ये वितळू दिलं, नंतर पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवलं. मायक्रोवेव्ह नको, बाहेरून शिजतं आणि आत गार राहतं. शेवटी डोक्याचा भाग थोडा जास्त गरम केला. पायथनच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यांनी त्याला उष्णता जाणवते, म्हणून गार भक्ष्य त्याला भक्ष्य वाटत नाही. दिवे मालवून लांब चिमट्याने ते लपायच्या जागेच्या तोंडाशी धरलं आणि किंचित हलवलं.

जीभ संथपणे आत-बाहेर होऊ लागली. मानेला बाक आला. आणि मग झडप! तीन वेढे घट्ट बसले. मी चिमटा सोडला आणि तशीच उभी राहिले, कारण या क्षणी हललं तर पिल्लू घास टाकून देतं. बराच वेळ विळखा सुटला नाही, मग त्याने डोकं शोधलं आणि गिळायला सुरुवात केली. मला इतका आनंद झाला होता की ओरडावंसं वाटत होतं.

त्यानंतर दोन दिवस त्याला उचललं नाही. लगेच हाताळलं तर साप खाल्लेलं ओकून टाकतो, आणि तसं झालं तर निदान दहा दिवस काहीही द्यायचं नाही. आता तो आठवड्याला नियमाने खातो, वितळवलेलंच.

एक सांगायचं राहिलं. उंदीर हाताळल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय साप उचलू नका, तुमच्या बोटांनाच तो भक्ष्य समजेल. आणि साप ठेवल्यावरही हात धुवा, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो.