तीन महिन्यांची शुगर

आज पुन्हा कंबर अन् गुडघे धरलेत. चंद्रपूरकडचं ऊन तापलं की हे ठरलेलंच, घामानं अंगातलं पाणी जातं आणि माझ्या सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजाराच्या, लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक नसांमध्ये अडकतात, मग रात्रभर झोप नाही.

त्यात शुगर आणि बीपी. सिकलसेलचे डॉक्टर म्हणतात पाणी भरपूर प्या, आणि बीपीसाठी दुसरीकडून लिहून दिलेली गोळी लघवी वाढवणारी! दुखतंय म्हटलं की मेडिकलवाला डायक्लोफेनॅक काढून देतो. सिकल, शुगर, बीपी तिन्ही आधीच किडनीवर, वरून ही गोळी कशाला? मी पॅरासिटामॉलच मागते.

पण खरा राग येतो तो तीन महिन्यांच्या शुगरच्या टेस्टचा, एचबीए१सी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्यात तिच्यावर किती साखर चढली ते ही टेस्ट मोजते. आमची पेशी १०-२० दिवसांत फुटते, साखर चढायला वेळच नाही, म्हणून आकडा कमी येतो आणि तो खोटा असतो. मागं दवाखान्यात रिपोर्ट बघून म्हणाले, "मस्त कंट्रोल आहे जी, गोळी कमी करू." घरी बोट टोचून पाहिलं तर उपाशीपोटी दोनशेच्या वर. सिकलसेलची फाईल त्याच टेबलावर होती, कोणी उघडली नाही.

२०२३ च्या जुलैत सिकलसेलचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंत निर्मूलन करायचं म्हणतात. चांगलंच आहे, आशाताई घरोघरी फिरून तपासणीला नेते, लग्नाआधी दोघांचे रिपोर्ट बघा म्हणून समजावते. माझी पोरगी वाहक आहे, म्हणजे तिला आजार नाही पण तिच्याकडून लेकरांत जाऊ शकतो, तिच्यासाठी हे फार मोलाचं. पण सगळं बोलणं लेकरांचं आणि लग्नांचं. सिकलसेलवाली बाई चाळिशी ओलांडेल, तिला शुगर-बीपी होईल, हे जसं कोणी धरलंच नाही. आम्ही आहोत की, आणि सिकलसेलचा त्रास कमी करणारी गोळी, हायड्रॉक्सीयुरिया, वेळेवर मिळाली तर अजून पुष्कळ जण असतील.

आज फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं मोठ्या अक्षरात लिहिलं: सिकलसेल एसएस (आई-बाप दोघांकडून आलेला, पूर्ण आजार). एचबीए१सी धरू नका, रोजची शुगर वहीत आहे. डायक्लोफेनॅक नको. सोमवारी जाईन तेव्हा बीपीची गोळी बदलायला सांगणार आणि लघवीतल्या प्रोटीनची तपासणीपण लिहून मागणार.