सनमायकाचा व्हाइटबोर्ड, ४×२ फूट: महिनाभरानंतरची स्थिती

बोर्ड भिंतीवर आहे, सपाट आहे, एक कोपरा सोडून.

माल: १२ मिमी प्लाय १२१२×६०२ मिमीचा कापलेला, १ मिमी ग्लॉसी पांढरा सनमायका, ३०० ग्रॅम फेविकॉल एसएच. सनमायकाचे तुकडे १२२०×६१० चे, म्हणजे चारही बाजूंना ४ मिमी बाहेर. तो भाग नंतर कानशीने उतरवायचा. ८×४ च्या शीटमधून असे चार तुकडे निघतात, पण बोर्ड दोनच होतात. मागेही तेवढ्याच जाडीचा सनमायका लावावा लागतो, नाहीतर पंधरा दिवसांत प्लायला बाक येतो. पैसे वाचवायला हमखास इथेच कात्री लागते.

सुएड (हाताला किंचित खरखरीत लागणारं) किंवा मॅट फिनिश घेऊ नका. मार्करच्या शाईत अल्कोहोल असतं आणि रंगाला चिकटू न देणारा तेलकट घटक असतो. अल्कोहोल उडालं की सुटी भुकटी वर उरते, ती गुळगुळीत पृष्ठभागावरून सहज पुसली जाते. खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांत मात्र ती अडकून बसते. दुकानातच नमुन्यावर लाल मार्करने लिहून बघा. तो तुकडा घरी मिळाला तर उत्तम, कारण खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पुसताना होते.

आता तो कोपरा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात दुपारी पारा चाळिशीपार जातो आणि हवा कोरडी असते. गोंद एका टोकापासून पसरवत दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या टोकावर साय धरते. वरून चिकटल्यासारखं दिसतं, पण नखाने टिचकी मारली की पोकळ आवाज येतो. म्हणून सकाळी सातच्या आत, पंखा बंद ठेवून काम उरका. मधून कडेकडे दाबत हवा बाहेर काढा आणि २४ तास वजन ठेवा. सुटलेल्या कोपऱ्यात सिरिंजने गोंद भरून क्लॅम्प लावलाय.

सनमायकावरची प्लास्टिक फिल्म अगदी शेवटी काढायची.

पाच दिवस राहिलेलं लाल पुसताना पुसट खूण उरली. त्यावर काळ्या मार्करने गिरवून लगेच पुसलं, गेली. नवी शाई जुनीला विरघळवते. पुसायला जुना, बऱ्याचदा धुतलेला सोलापुरी टॉवेल चांगला. नव्याचे तंतू सुटतात. बोअरच्या जड पाण्याने पुसलं तर पांढरी झाक राहते. घासणी तर नकोच, एकदा चरे पडले की शाई तिथेच मुक्काम करते.

पुढच्या आठवड्यात कडांना ॲल्युमिनियमची पट्टी.